पेटी उघडताना दुसरे माणूस

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर मी "मोठ्या सापांवरच्या बंदीचा कायदा होण्याआधीच तुझ्या त्या अजगराला, शालूला, कुणाच्या तरी हवाली कर" असे म्हणालो आणि तू फोन ठेवून दिलास. नंतर तुझा हरकतीचा मसुदा मी तीनदा वाचला. माझे चुकले. मोठे साप पाळण्यावर सरसकट बंदी नको, हे तुझे म्हणणे मला पटले आहे. फक्त शालूची पेटी उघडताना तुझ्याजवळ दुसरे कोणी असते की नाही, याचा त्यात कोठेच उल्लेख नाही.

फ्लोरिडाचा मुद्दा अधिक भक्कम कर. बंदी मागणारे प्रथम तेथील एव्हरग्लेड्सच्या दलदलीकडेच बोट दाखवतील. बर्मी अजगरांनी तेथील सस्तन प्राण्यांची वाताहत केली आहे, हे मान्य करूनच पुढे जा, नाहीतर तुझे बाकीचे कोणी ऐकून घेणार नाही. मात्र त्या उबदार दलदलीतही 2010 च्या जानेवारीत कडाक्याची थंडी पडली तेव्हा पुष्कळ अजगर मेले. मग जेथे दर हिवाळ्यात पाणी गोठते तेथे सुटलेला अजगर पिल्लावळ कशी वाढवणार, हा प्रश्न सरळ विचार. अमेरिकेने 2012 मध्ये चार आणि 2015 मध्ये आणखी चार जातींना घातक ठरवून त्यांची आयात रोखली. परंतु मुख्य भूमीवरील एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्यास तो कायदा मनाई करत नाही, असा निकाल अपील न्यायालयाने 2017 मध्ये दिला, हेही घाल.

बंदीचा खरा तोटा तू एका ओळीत उरकला आहेस. बंदी आली की पाळणारे साप लपवू लागतील, लपवलेला साप आजारी पडला तरी पशुवैद्याकडे जाणार नाही, आणि एखादा घाबरट माणूस त्याला रात्री ओढ्याकाठी सोडून येईल; म्हणजे ज्या भीतीपोटी कायदा करायचा तीच तो खरी करून दाखवणार. ब्रिटनच्या 1976 च्या कायद्यात विषारी सापांना परवाना लागतो, अजगरांना लागत नाही. मला विचारशील तर अजगरांनाही परवाना असावा, कातडीखाली चिप असावी, पेटीला कुलूप असावे, आणि तीन मीटरांहून लांब साप हाताळताना दुसरे प्रौढ माणूस हजर असणे ही पहिली अट असावी. ही अट मी कोणासाठी सुचवतो आहे, ते तुझ्या लक्षात येईलच.

मनगटावरच्या चाव्याचे तू आम्हाला पंधरा दिवसांनी सांगितलेस, तेही आईने बाही वर केली म्हणून. हाताला उंदराचा वास होता, हुकने, म्हणजे साप हाताळायच्या आकड्याने, आधी स्पर्श करून "आज खाणे नाही" हे शालूला कळवायचे राहून गेले, चूक माझी, तिची नव्हे, असे तू म्हणालीस. मला तुझा अभिमान वाटला आणि त्या रात्री झोप लागली नाही. विळख्यात भक्ष्याचा श्वास कोंडण्याआधीच रक्ताभिसरण थांबते, हेही तूच मला समजावले होतेस; न सांगतीस तर बरे झाले असते. इतक्या मोठ्या जनावराने गळ्याभोवती एक वेढा घातला तर एकट्या माणसाला, मग ते कितीही जाणते असो,... असो. उपदेश करायचा नाही असे ठरवून बसलो होतो. क्षमा कर.

खरे तर तिने अंडी घातली तो हिवाळा आठवतो. अंड्यांच्या ढिगाभोवती वेटोळे घालून ती बसली होती आणि थोड्या थोड्या वेळाने तिचे सारे अंग उचकी लागल्यासारखे आखडत होते. तिला ताप आला असे मला वाटले. स्नायू आखडून ती अंड्यांना ऊब देते, असे तू हलक्या आवाजात सांगितलेस, आणि साप म्हटले की खोलीबाहेर जाणारी तुझी आई जेवणाची वेळ टळेपर्यंत काचेसमोरून हलली नाही. अशा जनावराला "धोकादायक वस्तू" म्हणणारे कलम कायद्याच्या मसुदाकाराने ते कधी न पाहताच लिहिले असावे.

दादाच्या वेळी मी बोलायचे ते बोललो नाही, हे तुला ठाऊकच आहे. म्हणून या वेळी तेच तेच बोलतो आहे.

सुनावणीला मी येणार आहे आणि बोलू दिले तर बोलणारही आहे. दोन दिवस आधीच पोहोचेन. शालूला खायला घालण्याचा दिवस तोवर पुढे ढकलता येत असेल तर ढकल, आणि हुक कसा धरायचा ते मला दाखव. तेथे असेन तितके दिवस दुसरे माणूस मी.

तुझे
बाबा