ताराबाईंची अंगणवाडी पाड्यावर बसू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

येत्या 31 ऑगस्टला बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांचा स्मृतिदिन आहे. मी डहाणू तालुक्यात 22 वर्षे अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका होते. त्या निमित्ताने एक जुनी गोष्ट आणि एक मागणी आपल्या वाचकांपुढे ठेवते.

आमच्या प्रशिक्षणात अंगणवाडीचा इतिहास सुरू व्हायचा तो 2 ऑक्टोबर 1975 पासून. देशात 33 ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, एवढे लिहिले की गुण मिळत. अंगणवाडी त्याआधीच आमच्या बोर्डीत, एका वस्तीच्या अंगणात बसली होती, हे मला नोकरीला लागून सात-आठ वर्षे झाल्यावर, ताराबाईंचे काम पुढे जिथे चालले त्या कोसबाडला गेले तेव्हा कळले. आपल्या हातातल्या कामाचे मूळ शेजारच्या गावात आहे आणि ते कोणी सांगितले नाही, याचे मला तेव्हा फार वाईट वाटले.

ताराबाई 1892 साली मुंबईत जन्मल्या, 1914 मध्ये पदवीधर झाल्या. राजकोटला स्त्रियांच्या अध्यापन महाविद्यालयाच्या प्राचार्य होत्या. ती मानाची जागा सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर लहान मुलांच्या शिक्षणाचे काम करायला गेल्या. 1926 मध्ये नूतन बाल शिक्षण संघ निघाला, पुढे दादरला शिशुविहार उभे राहिले. शहरात नाव झाले होते. तरीही 1945 मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या बोर्डीला आल्या आणि ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. पुण्यातली शाळेची नोकरी सोडून आलेल्या अनुताई वाघ या कामात त्यांच्या सोबतीला होत्या. 1946 ते 1951 ताराबाई मुंबईच्या विधिमंडळात आमदारही होत्या. पण माझ्या दृष्टीने त्यांचे सगळ्यात मोठे लोककार्य बोर्डीतले.

बालवाडी सुरू झाली, पण दलित वस्तीतली मुले येईनात. तिथे आपण काय केले असते? आईबापांना समज दिली असती, पटावर गैरहजेरी मांडली असती. ताराबाईंनी बालवाडीच उचलून वस्तीत नेली. अंगण झाडायचे, मुलांना अंघोळ घालायची, केस विंचरायचे, मग गाणी आणि गोष्टी. त्या अंगणातल्या बालवाडीचे नाव अंगणवाडी. पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथली वारली मुले सकाळीच गुरे घेऊन रानात जायची, म्हणून शिक्षक त्यांच्यामागे कुरणात गेले. ती कुरणशाळा. माँटेसरीची महागडी साधने परवडणारी नव्हती, तेव्हा शिंपले, बिया, खडे, पाने यांवर मुले मोजायला आणि रंग ओळखायला शिकली.

या साधनांचे मोल मला एका मुलाने शिकवले. चार वर्षांचा होता. महिनाभर केंद्रात येऊन भिंतीला टेकून गप्प बसायचा. सेविकेने नोंदवहीत ‘बोलत नाही’ असे लिहिले होते. मी त्याच्या पाड्यावर गेले तर हा पोरगा झोपडीपुढे उभा राहून घरातल्या प्रत्येक शेळीचे नाव आणि खोडी सांगत होता, थांबायला तयार नव्हता. केंद्राच्या तक्त्यावर त्याच्या ओळखीचे एकही चित्र नव्हते आणि आम्ही त्याच्याशी त्याच्या घरच्या बोलीत बोलत नव्हतो. तो मुका नव्हता, चूक आमची होती.

त्यानंतर त्या सेविकेने, ती स्वतः वारली घरातली, आठवड्यातले दोन दिवस त्याच पाड्यावर अंगणवाडी भरवायला घेतली. पावसाळ्यात पाडा आणि केंद्र यांच्यामधला ओहोळ भरला की तीन वर्षांचे मूल येणार कसे? पाड्यावर मात्र सगळी पोरे जमायची, कडेवर धाकटी भावंडे घेऊन. चिंचोके, बांगड्यांचे तुकडे, मक्याची कणसे, सगळे तिथेच सापडायचे. दोन महिने छान चालले. मग एका तपासणीत केंद्राला कुलूप दिसले आणि तिचे त्या दिवसांचे मानधन कापले गेले. मी लेखी खुलासा दिला. तो फाइलला लागला, पैसे मिळाले नाहीत, आणि पाड्यावरची अंगणवाडी बंद पडली. तिने पुन्हा विचारले नाही, मलाही तिला आग्रह करण्याचे धैर्य झाले नाही. ही खंत निवृत्तीनंतरही माझ्याजवळ आहे.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन वर्षांपासूनचे शिक्षण पायाभूत मानले आहे, घरच्या भाषेवर भर दिला आहे. सेविकांच्या हातात मोबाइल आले, पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपवर मुलांची वजन-उंची भरली जाते. कुपोषणाचा हिशेब हवाच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण पाड्यावरच्या मुलापर्यंत जाण्याची मुभा सेविकेला कागदावर हवी.

माझी मागणी छोटी आहे. डोंगरी आणि आदिवासी भागात पावसाळ्याचे चार महिने, ठरलेल्या दिवशी, सेविकेने पाड्यावरच्या अंगणात भरवलेली अंगणवाडी ही केंद्राइतकीच ग्राह्य धरावी, तिची हजेरी मांडावी आणि मानधन कापू नये, असा लेखी आदेश महिला व बालविकास विभागाने काढावा. शिवाय पालघर जिल्ह्यात नव्याने नेमलेल्या प्रत्येक सेविकेच्या प्रशिक्षणातला एक दिवस कोसबाडच्या टेकडीवर ठेवावा. डहाणूहून ती काही लांब नाही.

आपली,
एक निवृत्त पर्यवेक्षिका,
डहाणू, जि. पालघर