डार्क एक्सायटॉनशी गाठ घालून देणाऱ्या ताईला

प्रिय ताई,

तू लॅब सोडलीस तेव्हा घाईत आभार मानायचे राहूनच गेले. प्रबंधाचं सगळ्यात भक्कम प्रकरण तुझ्यामुळे उभं राहिलं, हे चारचौघांत सांगावं म्हणून हे उघड पत्र.

टंगस्टन डायसेलेनाइड या अर्धवाहकाचा एकच थर, जाडी जेमतेम ०.७ नॅनोमीटर. लेसर टाकला की तो स्वतः प्रकाश देतो. तो थंड करत नेला की उजळावा, अशी सगळ्यांची अपेक्षा. प्रत्यक्षात त्या प्रकाशाच्या स्पेक्ट्रममधलं एक्सायटॉनचं (इलेक्ट्रॉन आणि त्याने मागे सोडलेली रिकामी जागा, म्हणजे होल, यांच्या जोडीचं) मुख्य शिखर खचतच चाललं होतं. कुणी म्हणे अलाइनमेंट हललं, कुणी म्हणे लेसर तपास. तू मात्र त्याच सेटअपवर मॉलिब्डेनम डायसेलेनाइडचा थर लावायला सांगितलंस. तो थंडीत छान उजळला आणि यंत्रावरचा आळ तिथेच मिटला.

मग फळ्यावर तू कंडक्शन बँडच्या (उत्तेजित इलेक्ट्रॉन जिथे पोचतात त्या ऊर्जापट्ट्याच्या) दोन रेषा ओढल्यास, स्पिनचे, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या अंगभूत फिरकीचे, बाण उलटसुलट. टंगस्टनच्या थरात खालच्या रेषेवरच्या इलेक्ट्रॉनचा स्पिन जुळत नाही, त्यामुळे होलशी जोडी जमली तरी ती सहजी प्रकाश देत नाही. हा डार्क एक्सायटॉन, सहज प्रकाश देणाऱ्या ब्राइट एक्सायटॉनच्या सुमारे ४० मिलीइलेक्ट्रॉनव्होल्ट खाली. खोलीच्या तापमानाला उष्णतेची ऊर्जा २५च्या आसपास असते, म्हणून बऱ्याच जोड्या वर चढतात. थंडीत त्या तळाशीच अडकतात. मॉलिब्डेनम डायसेलेनाइडमध्ये क्रम उलटा, ब्राइटच तळाशी. (जोडी एवढ्या उष्णतेतही तुटत नाही, कारण तिची बंधनऊर्जा काही शे मिलीइलेक्ट्रॉनव्होल्ट. गॅलियम आर्सेनाइडच्या स्फटिकात ती फक्त चारच्या आसपास! मला अजूनही याचं नवल वाटतं.)

इथवरचं कुठल्याही शोधनिबंधात सापडलं असतं. खरी मदत पुढची. डार्क एक्सायटॉनचा डायपोल (ज्या दिशेने त्याचा विद्युतभार हेलकावतो ती रेघ) थराला काटकोनात असतो, त्यामुळे त्याचा प्रकाश वर न येता थराच्या पातळीत आडवा निघतो. "जास्त न्यूमरिकल अपर्चरची, म्हणजे रुंद कोनातला प्रकाश गोळा करणारी, ऑब्जेक्टिव्ह लेन्स लाव, तिरपा येणारा थोडा तरी हाती लागेल," म्हणालीस, आणि स्वतःच्या मापनातली ऑब्जेक्टिव्ह काढून दिलीस. तुझा निबंध तेव्हा अडला होता, हे मला फार उशिरा कळलं.

थर हेक्सागोनल बोरॉन नायट्राइड या विद्युतरोधकाच्या पातळ पापुद्र्यांमध्ये गुंडाळल्यावर रेषा बारीक झाल्या आणि अपेक्षेच्या जागी ते शिखर दिसलं. त्याच्याही खाली आणखी एक उंचवटा आहे. मला डार्क ट्रायॉन (एक जादा इलेक्ट्रॉन किंवा होल चिकटलेला डार्क एक्सायटॉन) वाटतो, पण दोषांमुळे उमटणाऱ्या शिखरांची गर्दीही तिथेच आहे. गेट व्होल्टेज, म्हणजे थरातला विद्युतभार कमीजास्त करणारं व्होल्टेज, बदलून घेतलेले स्पेक्ट्रम पाठवते. सवडीने बघ.

तुझी,
शेजारच्या ऑप्टिकल टेबलावरची