सेवापुस्तक आपलं आपण वाचायचं

चि. मुक्तास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पहिला पगार जमा झाल्याचा तुझा मेसेज वाचला आणि पाठोपाठ आलेला दुसराही : "आई, एवढाच?" पगारपत्रकाचा फोटो बाबांच्या मोबाइलवर मोठा करून नीट पाहिला. बिल बरोबर आहे. माझी निम्मी नोकरी आस्थापना आणि बिलाच्या टेबलावर गेली, तेव्हा हे ठामपणे सांगू शकते.

ग्राम महसूल अधिकाऱ्याचं (माझ्या तोंडी अजून तलाठीच येतं) मूळ वेतन एस-8 या वेतनस्तरात 25,500 पासून सुरू होतं. त्यावर महागाई भत्ता आणि घरभाडं. पुण्यातल्या तुझ्या मैत्रिणीचं घरभाडं जास्त आहे म्हणून फुरंगटू नकोस. महागाई भत्ता 50 टक्क्यांवर गेल्यावर मुंबई-पुण्याला 30 टक्के, नाशिक-कोल्हापूरसारख्या शहरांना 20 आणि तुझ्या सजेतल्या, म्हणजे तुझ्याकडे सोपवलेल्या, गावांना 10, अशी ती उतरंड आहे. तुला गावात दोन खोल्या जेवढ्याला मिळाल्या, तेवढ्यात तिला तिकडे कॉटसुद्धा मिळायची नाही.

कपातीत व्यवसाय कर 200 रुपये दिसतोय. फेब्रुवारीत तो 300 होईल, वर्षाचे 2,500 भरायचे म्हणून. दर फेब्रुवारीच्या पगाराला शंभर रुपये जास्त कापले म्हणून माझ्या टेबलाशी भांडायला कोणी ना कोणी यायचंच, आणि त्यात नोकरीत मुरलेली माणसंही असायची. गट विम्याची रक्कम किरकोळ आहे, ती सोड. तुला टोचली ती एनपीएसची, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजनेची, कपात. मूळ वेतन अधिक महागाई भत्त्याच्या 10 टक्के. भत्ता 50 टक्के धरला तरी 38,250 वर 3,825 रुपये जातात. सरकार स्वतःचे 14 टक्के घालतं, म्हणजे त्याच हिशेबाने 5,355. हे पैसे तुझ्या प्राण क्रमांकावर (एनपीएस खात्याच्या कायम क्रमांकावर) खरोखर जमा होतात का, हे तू स्वतः लॉगिन करून बघायचं. पगारपत्रकात कपात दिसली म्हणजे खात्यात पैसे पोचले असं समजू नकोस. आमच्या हाताखालच्या काही पोरांची अंशदानं नाव किंवा क्रमांक चुकल्यामुळे महिनोन्‌महिने अधांतरी राहिलेली मी पाहिलीत. बिलवाल्याला पन्नास जणांची बिलं करायची असतात. तुझं खातं बघणारी तू एकटीच.

मला जीपीएफ, म्हणजे भविष्य निर्वाह निधी, होता. तुझ्या कॉलेजची फी आणि घरावरचा स्लॅब, दोन्ही त्यातूनच झालं. परतावा अग्रिम (फेडायची उचल), ना-परतावा अग्रिम (न फेडायची) हे शब्द तू लहानपणापासून ऐकलेस ते त्यामुळे. तुला ते नाही. 1 नोव्हेंबर 2005 च्या आधी लागलेल्यांना जुनी, ठरलेल्या रकमेची पेन्शन, त्या तारखेपासूनच्यांना एनपीएस. ही तारीख आपल्या घरातून अशी जाते : मी अलीकडची, तू पलीकडची. मार्च 2023 मध्ये जुन्या पेन्शनसाठी संप झाला, तेव्हा मला जुनीच पेन्शन मिळणार होती, तरी मी संपात बाहेर बसले. बाबा म्हणाले, "तुला काय मिळणार त्यातून?" तुझे आजोबा असते तर असं म्हणाले नसते. डिसेंबर 1977 मध्ये र. ग. कर्णिकांच्या नेतृत्वाखाली राज्य कर्मचारी 54 दिवस संपावर होते, त्यात आजोबाही होते, आणि त्या दिवसांत घर कसं चाललं हे आजी जन्मभर सांगत राहिली. आज तुमचा महागाई भत्ता केंद्राच्या मागोमाग वाढतो, तो कुणी आपणहून दिलेला नाही.

2023 च्या संपानंतर जुनी पेन्शन जशीच्या तशी आली नाही. जाहिरात 1 नोव्हेंबर 2005 पूर्वीची, पण नेमणूक नंतरची, अशांना फेब्रुवारी 2024 च्या शासन निर्णयाने एकदाच विकल्प मिळाला. बाकीच्यांसाठी ऑगस्ट 2024 मध्ये मंत्रिमंडळाने केंद्राच्या धर्तीवर एकीकृत पेन्शन योजना मान्य केली. त्यात 25 वर्षं सेवा झाली तर शेवटच्या 12 महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मं निवृत्तिवेतन, आणि किमान 10 वर्षांच्या सेवेला दरमहा 10,000. एनपीएसमध्ये निवृत्तीच्या वेळी 60 टक्क्यांपर्यंत रक्कम हातात मिळते आणि उरलेल्या 40 टक्क्यांतून वार्षिकी (पेन्शनसारखी नियमित मिळणारी रक्कम) घ्यावी लागते, ती किती बसेल हे बाजारावर. माझं मत विचारशील तर ठरलेली रक्कम बरी. पण विकल्प देताना मूळ शासन निर्णय संकेतस्थळावरून उतरवून पूर्ण वाच, परिशिष्टासकट. ग्रुपवर फिरणाऱ्या फोटोवर सही करू नकोस. आणखी एक, कुणी आपणहून सांगत नाही म्हणून लिहिते : 31 मार्च 2023 च्या निर्णयाने एनपीएसवाल्यांच्याही कुटुंबाला, सेवेत काही बरंवाईट झालं तर, कुटुंब निवृत्तिवेतनाची सोय झाली. त्याचा विकल्प भरून द्यावा लागतो. अशुभ म्हणून टाळू नकोस, या आठवड्यात भर.

आता रजा. सीएल, म्हणजे नैमित्तिक रजा, वर्षाला आठ, 31 डिसेंबरला संपतात. म्हणून डिसेंबरात निम्मं ऑफिस रिकामं दिसतं. सीएल अर्जित रजेला जोडता येत नाही, सुट्टीला जोडता येते. अर्जित रजा जानेवारी आणि जुलैच्या एक तारखेला पंधरा-पंधरा दिवस आगाऊ जमा होते, 300 पर्यंत साठवता येते आणि निवृत्तीला तिचे पैसे मिळतात. अर्धवेतनी, म्हणजे अर्ध्या पगाराची रजा, वर्षाला वीस. वैद्यकीय दाखल्यावर दहा दिवस परिवर्तित (त्याच रजेची पूर्ण पगारी करून) घेतलीस की अर्धवेतनीच्या खात्यातून वीस उडतात, हे नव्या पोरांना निवृत्तीपर्यंत कळत नाही. 300 दिवस साठवायचेच म्हणून ताप अंगावर काढून गावोगाव फिरणारी माणसं आमच्यात होती. तो वेडेपणा करू नकोस. रजा हक्क म्हणून मागता येत नाही असं 1981 च्या रजा नियमात लिहिलंय आणि साहेब ते वाक्य तोंडपाठ म्हणून दाखवतील. म्हण म्हणावं. अर्ज लेखी द्यायचा, पोच घ्यायची.

तुझा जन्म झाला तेव्हा प्रसूती रजा 90 दिवस होती. तू तीन महिन्यांची, आणि मी तालुक्याला. पुढचं आजीने केलं. 2009 पासून ती 180 दिवस झाली. जुलै 2018 च्या निर्णयाने बालसंगोपन रजाही आली, राज्यात ती संपूर्ण सेवेत 180 दिवस. केंद्रातल्या बायकांना 730 आहे, आणि केंद्राचंच पत्रक "सर्व महिला कर्मचाऱ्यांसाठी आनंदाची बातमी" म्हणून दर सहा महिन्यांनी आपल्याकडे फिरतं. लग्नाचा विषय मी काढत नाहीये. माहिती म्हणून लिहिलं.

या सगळ्याहून मोठी गोष्ट म्हणजे सेवापुस्तक, नोकरीभराच्या नोंदींचं पुस्तक. तुझं आता तयार झालं असेल. पहिल्या पानावर उंची, ओळखचिन्ह, बोटांचे ठसे, सही, आणि जन्मतारीख अंकी व अक्षरी. दाखल्याशेजारी धरून ती तारीख अक्षर अन्‌ अक्षर ताडून बघ. दुरुस्ती मागायची तर नोकरीत लागल्यापासून पाच वर्षांच्या आत, नंतर कितीही रडलं तरी उपयोग नाही. पुढे दरवर्षी "देयकावरून सेवा पडताळणी केली" अशी एक ओळ, खाली तारीख, सही, शिक्का. ती एक ओळ लिहायला दोन मिनिटं लागतात आणि नेमकी तीच राहते.

माझ्या एका सहकाऱ्याच्या पहिल्या नेमणुकीच्या दोन वर्षांना ती ओळ नव्हती. बदली झाली, पुस्तक मागून आलं, कुणी पाहिलं नाही. अठ्ठावन्नाव्या वर्षी पेन्शन प्रकरण आक्षेप लागून परत आलं, तोवर त्या वर्षांची बिलं वाळवीने खाल्ली होती. निरोपाच्या दिवशी शाल-नारळ घेतलेला माणूस मग हाजरीपट आणि रोकड वहीतल्या जुन्या नोंदी शोधत त्या कार्यालयाच्या रेकॉर्ड रूममध्ये धूळ खात उभा राहायचा. तात्पुरत्या निवृत्तिवेतनावर दिवस काढले बिचाऱ्याने. लिहिणाऱ्याचं काही बिघडलं नाही, तो केव्हाच बदलून गेला होता.

तेव्हा दरवर्षी एप्रिलमध्ये पुस्तक मागून बघ. दुय्यम प्रत आपल्याकडे ठेव आणि दोन्हीकडे नोंद सारखी आहे ना ते पाहा. बघायचं काय : वार्षिक वेतनवाढ (3 टक्के, आकडा नीट शंभराच्या पटीत आलाय का), रजेचा हिशेब, स्थायित्व प्रमाणपत्र (नोकरीत कायम झाल्याचं), जात वैधता, परीक्षा पास झाल्याचे आदेश. 10, 20 आणि 30 वर्षांनी आश्वासित प्रगतीचा (बढती न मिळाल्यास वरच्या वेतनाचा) लाभ मिळतो, तेव्हा हीच कागदपत्रं शोधत लोक धावतात. महसूल अर्हता परीक्षा मुदतीत आणि दिलेल्या संधींत पास हो, नाहीतर ज्येष्ठता जाते. वेतननिश्चितीच्या वेळी "जादा प्रदान झाल्यास वसुलीस हरकत नाही" असं हमीपत्र घेतात. ते सगळेच देतात, तूही देशील, पण त्याआधी वेतननिश्चितीचा तक्ता स्वतः मांडून बघ. अडलं तर मला फोटो पाठव. मला दुपारी काही काम नसतं.

आणि पानांचे फोटो काढून ठेव. तुझ्या चिपळूण तालुक्याने जुलै 2021 चा पूर पाहिलाय, कागदाचं काय होतं ते तिथे कुणी तुला वेगळं सांगायला नको.

नामनिर्देशनात सगळीकडे माझं नाव घातलंस असं म्हणालीस. निम्मं बाबांच्या नावे कर, ते बोलून दाखवणार नाहीत पण त्यांना बरं वाटेल. दिवाळीला निघताना मुख्यालय सोडण्याची परवानगी लेखी घे, मंडळ अधिकाऱ्यांना नुसता फोन करून निघू नकोस. स्वारगेटची गाडी मिळाली नाही तर कराडची धर, बाबा तिथे घ्यायला येतील.

तुझी,
आई