दारू न पिताही यकृत बिघडतं

माझ्या बहिणीचे डोळे पिवळे झाले, तेव्हा नौपाड्यातल्या आमच्या इमारतीत पहिली कुजबुज झाली ती दारूची. ती तर चहासुद्धा अर्धा कपच घेते! निदान निघालं ऑटोइम्यून हिपॅटायटिस, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच यकृतावर उलटते. ६व्या गुणसूत्रावरच्या एचएलए (प्रतिकारशक्तीशी संबंधित) जनुकांचे डीआर३, डीआर४ हे प्रकार असणाऱ्यांना धोका अधिक. बायकांमध्ये हा आजार जास्त. पण ते जनुक असलेले बहुतेक जण ठणठणीतच राहतात. तेव्हा ‘तुमच्या घराण्यातच आहे’ म्हणून भाचीच्या स्थळाला नकार कळवणाऱ्यांनी आधी एखाद्या डॉक्टरांना विचारायला हवं होतं. बहीण सध्या स्टेरॉइड आणि अझाथायोप्रिन या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांवर आहे. रोज सकाळी तलावपाळीला दोन फेऱ्या मारते.

– एक वाचक, नौपाडा, ठाणे