मशीन ठणठणीत, बॅटरी मिळेना

संपादक साहेब, नमस्कार.

घरापुढे जेमतेम दीड गुंठा लॉन आहे, त्यासाठी तीन वर्षांपूर्वी चार्जिंगचं लॉन मोवर घेतलं. पेट्रोलचा वास नाही, दोरी ओढत बसायला नको, शेजारचे आजोबा दुपारी झोपलेले असले तरी चालतं. आणि मशीनची काळजीही घेतो बरं का. ओलसर गवत कापलं की खाली पात्याभोवती हिरवा लगदा थापून बसतो, तो आधी बॅटरी काढून मगच लाकडी पट्टीने खरवडतो, पाईपने पाणी मारत नाही. पातं बोथट झालं की गवत कापलं न जाता फाटतं आणि शेंडे पिवळट पडतात, म्हणून धारवाल्याकडे नेतो (तो पहिल्यांदा म्हणाला, काका विळी आणा की, हे काय आणलंय!).

चूक माझीच झाली. उन्हाळ्यात बॅटरी पार उतरलेली तशीच पत्र्याच्या शेडमध्ये पडून राहिली. लिथियमची बॅटरी अर्धी चार्ज करून गार जागी ठेवायची असते हे नंतर कळलं, जूनमध्ये चार्जरला लावली तर नुसता लाल दिवा लुकलुकतोय.

पण दुकानदार म्हणतो सुटी बॅटरी येत नाही, नवीन मशीनच घ्या. अहो मोटर चांगली चालू आहे ना! बरं, जुनी बॅटरी परत घ्या म्हटलं तर भंगारात टाका म्हणे. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांत ती गोळा करायची जबाबदारी उत्पादकावर टाकलीय, मग ती द्यायची कुठे हे दुकानात साधं लिहून लावायला काय होतं?

— एक वाचक, पुणे