मामा, ओंडका सुखरूप पोचला

आदरणीय मामा,
सा. न. वि. वि.

हे पत्र तुमच्या पत्त्यावर टाकायच्या आधी सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, त्याला कारण आहे. चामड्याचं काम नव्यानं शिकणारी मुलंमुली मला सतत एकच प्रश्न विचारतात : "ताई, कटिंग मॅट कोणती घेऊ?" म्हणजे कापताना कातड्याखाली घालायची चटई. मी जे उत्तर देते ते ऐकून त्यांना वाटतं, हे सगळं मला माझंच सुचलंय. ते उत्तर कोल्हापूरच्या सुभाषनगरातल्या एका ओसरीवर मला मिळालं, आणि ते तुमचं आहे. नाव छापू नको म्हणालात, म्हणून नुसतं मामा.

मी आले होते कातडं घ्यायला. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं, पट्ट्यांसाठी साडेतीन मिलिमीटर जाडीचं. पिशवीत माझी हिरवी मॅट होती, ए-थ्री मापाची, तीन मिलिमीटर जाड. तोवर मी सगळं काम तिच्यावरच करायची. कापणं तिच्यावर, भोकं तिच्यावर, कडा तासणं तिच्यावर, ठसे उमटवणंही तिच्यावरच. मे महिन्यात ती गॅलरीच्या खिडकीशी उन्हात राहिली आणि तिला बाक आला. त्यावर स्टीलची पट्टी ठेवली की पट्टी डुलायची, सुरी सरकायची आणि 38 मिलिमीटरचा पट्टा कुठं 36 तर कुठं 39 भरायचा. भोकांच्या खालच्या बाजूला रेषे लोंबायचे. मी दोनदा सुरी बदलली, पंच म्हणजे भोकं पाडायचं हत्यार बदललं, शेवटी माझा हातच बसत नाही असं ठरवून टाकलं होतं.

तुम्ही माझ्या हाताबद्दल काही बोलला नाहीत. माझाच पंच घेतलात, माझ्याच मॅटवर एक कातरण ठेवलंत आणि मोगरीचा, म्हणजे लाकडी हातोड्याचा, एक घाव घातलात. मग कातरण उलटं करून माझ्यासमोर धरलंत. भोकाभोवती कातडं बशीसारखं खोल गेलं होतं आणि गोल तुकडा एका बाजूनं तसाच चिकटून होता. "आधी दबलं, मग फाटलं. तुटलंच न्हाई," एवढंच म्हणालात. तेच कातरण तुमच्या उजव्या हाताशी असलेल्या लाकडी ओंडक्यावर ठेवलंत. टक्. मुगाच्या दाण्याएवढी टिकली पंचाच्या पोटात जाऊन बसली आणि भोकाची खालची कड वरच्यासारखीच स्वच्छ. पंच तोच, कातडं तेच, घावही तेवढाच होता.

"पोळपाटावर ठेचा करता व्हय, ताई?"

मामा, आठ महिन्यांत शंभर व्हिडिओ बघूनही जे कळलं नव्हतं ते त्या एका वाक्यात कळलं.

ओंडका उभा का, हेही तुम्ही बोट लावून दाखवलंत. झाड आडवं कापल्यावर जी चकती निघते, तिच्यात लाकडाचे धागे उभे असतात, ब्रशच्या केसांसारखे. पंचाची धार त्या धाग्यांच्या मधे शिरते, धागे जरा बाजूला होतात आणि धार बाहेर आली की बरेचसे पुन्हा जवळ येतात. साध्या फळीत धागे आडवे झोपलेले. तिथं पंच त्यांना तोडतो, खड्डा पडतो, आणि रापी, म्हणजे कातडं कापायची सुरी, आपली रेघ सोडून धाग्याच्या वाटेनं पळते. चिंच घट्ट आणि चिवट म्हणून तिचा ओंडका. खाटीकही तोच वापरतात, ही ओळख तुम्ही करून दिलीत. आता मटणाच्या दुकानात गेले की माझी नजर आधी ओंडक्यावर जाते.

ठसे मारायच्या दगडाचं तुम्ही सांगितलंत तसंच केलं. चांगला ग्रॅनाइट विकत घ्यायला जाऊ नको, ओटे बसवणाऱ्याकडे सिंकसाठी कापून काढलेला तुकडा माग, असं म्हणाला होतात. आमच्या इथल्या दुकानदारानं तो आनंदानं दिला. दीड फूट लांब, सव्वा फुटाच्या आसपास रुंद, 20 मिलिमीटर जाड, वजन जवळजवळ नऊ किलो. कडप्पाही चालला असता, पण तो मऊ, लवकर ओरखडतो. या दगडावर ओलसर कातडं ठेवून ठसा मारला की पहिल्याच घावात खोल आणि कडक उमटतो, कारण खाली उडी मारणारं काही नाही, घावाचा सगळा जोर कातड्यातच जातो. मॅटवर तोच ठसा तीनदा मारूनही धुरकट यायचा. दगडाखाली रबराची जाड पट्टी घातलीय आणि दगड टेबलाच्या बरोबर पायावर ठेवलाय, मधोमध नाही. मधे टेबल ढोलासारखं वाजतं, पायावर घाव सरळ जमिनीत उतरतो. खालच्या मजल्यावर लहान बाळ आहे. त्याची आई आता तक्रार करत नाही.

त्याच दगडाच्या गुळगुळीत तोंडावर कडाही तासते. धार कुठं रुतत नाही, म्हणून कड कागदासारखी पातळ निघते. मात्र आरपार कापायचं असेल तेव्हा दगड नाही आणि काचही नाही. एकाच रेघेत धार जाते. पंचही नुसत्या दगडावर कधीच मारत नाही.

आणि लोखंड! माझ्या पर्समध्ये तेव्हा एक पोलादी पाटा होता, ठसे मारायला घेतलेला. तो बघून तुम्ही पहिल्यांदा कपाळाला आठ्या घातल्यात. ओल्या कातड्याचा कोपरा त्यावर दाबून ठेवलात आणि चहा होईपर्यंत थांबलात. कप खाली ठेवून कातडं उचललंत तर निळसर काळा डाग. झाडाच्या सालीतलं टॅनिन आणि लोखंड पाण्यात भेटले की शाई तयार होते, हे मी शाळेत शिकले असेन, पण ते कातड्यावर बघितलं त्या दिवशी. माझ्या दोन पट्ट्यांवरच्या डागांचं कोडं तिथंच सुटलं. मी उगीच रंगवाल्याला दोष देत होते.

मॅट फेकून दे असं तुम्ही म्हणाला नाहीत, हे मला इथं मुद्दाम लिहायचंय, कारण ऐकणारे लगेच दुसऱ्या टोकाला जातात. पाकिटाचं एक-सव्वा मिलिमीटरचं कातडं, अस्तर, कागदाचे नमुने, फिरत्या पात्याची सुरी, या सगळ्याला मॅटच चांगली. धार टिकते आणि कातडं घसरत नाही. ती "आपोआप भरून येते" म्हणतात त्याचा अर्थ एवढाच, की बारीक चीर दाबून पुन्हा मिटते. पीव्हीसी उगवत नाही. हलक्या हातानं तीनदा सुरी फिरवली तर ती वर्षानुवर्षं टिकते, एकदाच जोर लावून जाड पट्टा कापला तर खालच्या थरापर्यंत जखम होते आणि पुढची सुरी त्याच चरात घसरते. पाकिटांना ए-थ्री पुरते, पिशव्या करायच्या तर ए-टू घ्यावी. छापलेल्या चौकटींवर विसंबू नये, माप पट्टीनंच घ्यावं. नवी मॅट मी आता कपाटात आडवी ठेवते, ऊन नाही, इस्त्री नाही, गरम कपही नाही. ओंडका मिळत नसेल त्यांना मी हॉटेलच्या भांड्यांच्या दुकानातली भाजी चिरायची जाड पांढरी पाटी भोकांसाठी सुचवते. ओंडक्याची सर नाही, पण पंचाचं तोंड वाचतं.

2019 साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, आपल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांसाठी. लोक चपलेचा गोंडा बघतात, कानावरची वेणी बघतात. त्या दिवशी तुम्ही वेणीचं काम बाजूला ठेवून तीन तास माझ्यासारख्या अनोळखी बाईला दिलेत, ऑर्डर अंगावर असताना. पैसे विचारले तर मामींनी मलाच भाकरी वाढली. निघताना तुम्ही स्वतःच्या जुन्या ओंडक्याची एक चकती करवतीनं कापून दिलीत. एसटीत पुण्यापर्यंत ती मी मांडीवर घेऊन बसले. तिच्यावर तुमच्या रापीचे कितीतरी वर्षांचे घाव आहेत. ते घासून सपाट करायला माझा हात धजत नव्हता, पण तुम्हीच म्हणाला होतात की वरचं तोंड सपाट नसेल तर भोक तिरकं जातं. म्हणून घासली. एक कड मात्र तशीच ठेवलीय.

सोबत एक पट्टा पाठवतेय. सगळीकडे 38 मिलिमीटर आहे, मोजून बघा. भोकं उलट्या बाजूनं बघा.

एक विचारायचं राहिलं. पुण्याच्या कोरड्या हवेत ओंडक्याला कडेकडून आत बोटभर चीर गेली आहे. मी कडेला तेल लावलंय आणि ओंडका उन्हापासून दूर ठेवलाय. चिरेत मेण भरू, की भोवती लोखंडी पट्टी ठोकून घेऊ? पट्टी ठोकली तर ओल्या कातड्याला तिचा डाग लागेल अशी भीती वाटते. रविवारी दुपारी, तुमचं जेवण झाल्यावर, फोन करते.

मामींना नमस्कार.

तुमची,
पुण्याची ताई