मूळ छायाचित्र हीट प्रेसमध्ये घालण्यापूर्वी

महोदय,

चतुर्थी जवळ आली की घरांना रंग दिला जातो आणि भिंतीवरचे जुने फोटो मढवून घेण्यासाठी फ्रेमच्या दुकानांत गर्दी होते. मीही गेल्या वर्षी आजोबांचा एकुलता एक फोटो फोंड्यातील एका दुकानात माउंटिंग (बोर्डावर चिकटवणे) आणि लॅमिनेशनसाठी (वरून पारदर्शक फिल्म बसवणे) दिला. जत्रेतल्या नाटकाच्या रात्री रंगवलेल्या पडद्यापुढे उभे असलेले सगळे नट त्यात आहेत आणि कोणाची कोणती भूमिका, हे आजोबांनी फोटोच्या पाठीवर शिसपेन्सिलीने लिहून ठेवले होते. फोटो सुबक होऊन परत आला, पण ती नावे बोर्डाला चिकटून कायमची दिसेनाशी झाली. पाठीवर काही लिहिले आहे का, हे दुकानदाराने विचारले नाही आणि सांगणे मलाही सुचले नाही. यंदाच्या पावसाळ्यात तर लॅमिनेशनखाली कडेने पांढुरके फुगे धरले आहेत.

हे काम हीट प्रेसमध्ये, म्हणजे तापवून दाबणाऱ्या यंत्रात होते. त्यात फोटो आणि बोर्ड यांच्यामध्ये उष्णतेने वितळणारा गोंद लावलेला पातळ कागद असतो. आपल्याकडच्या दमट हवेत फोटो आणि बोर्ड दोन्ही ओल शोषून घेतात, म्हणून चिकटवण्याआधी ते प्रेसमध्येच नीट सुकवून घ्यावे लागतात. घाईत हे राहून गेले, तर आतली वाफ फुगे आणते. अलीकडच्या रंगीत फोटोंच्या कागदाला दोन्ही बाजूंनी प्लास्टिकचा थर असतो आणि तो साधारण ९५ अंश सेल्सिअसच्या वर गेल्यास बिघडू शकतो. मेणाच्या खडूंनी काढलेले चित्र तर उष्णतेने वितळते. शिवाय लॅमिनेशनची फिल्म नंतर काढू गेल्यास तिच्याबरोबर जुन्या फोटोचा जिलेटिनचा थर, म्हणजे प्रत्यक्ष चित्रच, सुटून येते.

ही पद्धत वाईट आहे असे मला मुळीच म्हणायचे नाही. प्रदर्शनासाठी किंवा शाळेच्या भिंतीसाठी काढलेल्या प्रतींना ती उत्तम आहे. मात्र जुना, एकमेव फोटो आधी स्कॅन करावा, पाठीवरचा मजकूरही स्कॅन करावा आणि प्रेसमध्ये प्रतच द्यावी. मूळ फोटो आम्लरहित बोर्डावर कागदी कोपऱ्यांत अडकवून ठेवता येतो. काचेपासून तो थोडा दूर राहील इतका जाड माउंट, म्हणजे फोटोभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, घ्यावा, कारण दमट हवेत फोटो काचेलाच चिकटतो.

दुकानदारांनी काम हाती घेताना ‘हा मूळ फोटो आहे की प्रत?’ एवढे विचारून पावतीवर लिहावे, आणि देवस्थाने व वाचनालये यांनी आपल्याकडचे जुने फोटो यंदा मढवायला देण्यापूर्वी त्यांच्या पाठी पाहून घ्याव्यात, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

— एक वाचक, फोंडा